घरच्या देवाचा प्रसाद

मराठी ही जगातली एकमेव भाषा आहे, जिच्यात स्वयंपाक आणि मारामारी एकाच शब्दकोशावर चालतात. कणीक तिंबली जाते ती परातीतली आणि माणसाचीही. चटणी, भरीत, खिमा हे पदार्थ आहेत आणि धमक्याही. आपण मिरची ठेचतो, शत्रूलाही ठेचतो. हा सिद्धान्त मी एका परिसंवादात पहिल्यांदा मांडला तेव्हा अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. मला वाटलं, मानवंदना. बाहेर बटाटेवडे आले होते.

खरं तर सिद्धान्तही माझा नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी तो मला एका नर्सबाईंनी शिकवला, लाटणं हातात घेऊन. त्या दिवशी आमच्या मेसमध्ये एका माणसाचे पुढचे दोन दात पडले आणि एका बाईचा उजवा हात वाचला.

मी तेव्हा कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवत होतो. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मला काही काम नसतं असा प्राचार्य दाबक्यांचा समज होता. परप्रांतातून बदलून आलेल्या लोकांसाठी मराठीचा उन्हाळी वर्ग आमच्या कॉलेजात भरायचा ठरला, आणि शिकवण्यासकट त्यांच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. राहायला मुलांचं रिकामं वसतिगृह होतं. मुलं गावी जाताना गाद्या घेऊन गेली होती आणि ढेकूण ठेवून गेली होती. भिंतींवरच्या नट्या मी खरवडून काढायला लावल्या, पण खळ चांगली असल्यामुळे बहुतेक खोल्यांत पाय राहिले.

विद्यार्थी बँकेतले, पोस्टातले, रेल्वेतले. त्यांतल्या दोघांचीच या गोष्टीत गरज आहे. एक नागबाबू, कलकत्त्याचे बँक अधिकारी. देहाने विस्तीर्ण, स्वभावाने गरीब, आणि जेवणाच्या बाबतीत अत्यंत गंभीर. दुसऱ्या सिस्टर रोझलिन, केरळच्या नन आणि नर्स, डोक्यावर कायम पांढरं वस्त्र. जवळच्याच एका मिशनच्या दवाखान्यात त्यांना बायकांच्या वॉर्डात नेमायचं होतं, पण त्यासाठी मराठीची तोंडी परीक्षा पास होणं जरूर होतं. बायकांसाठी वसतिगृहात सोय नव्हती, म्हणून त्यांना मी मेसला लागून असलेली धान्याची कोठी रिकामी करून दिली. कोठीच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. तिथे रंगराव राहायचा.

रंगराव आमचा मेसचा ठेकेदार. एकेकाळचा पैलवान. कान मोडलेले, मान नसलेली, आणि तोंडावर सदा हसू. त्याच्यासारखा गमत्या माणूस गावात दुसरा नाही असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचो. मेस त्याच्या नावावर होती. स्वयंपाक त्याची बायको मालन करायची. ती बोलायची कमी. भट्टीपुढे बसून तिचा उजवा हात सारखा पोळपाटावर फिरत असायचा.

पहिल्याच दिवशी मी नियम सांगितला, "मेसमध्ये फक्त मराठी. चुका होतील, होऊ द्या. चुका करा, पण मोठ्यानं करा. शिकणाऱ्याची चूक कुणी मनावर घेत नाही."

सिस्टरांनी मान हलवली. शिक्षकाचं वाक्य एवढं मनापासून ऐकणारा विद्यार्थी दिसला की सावध व्हावं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका शनिवारी नागबाबूंनी ताटावरून मान वर केली.

"रोंगराव, उद्या रोबिवार. गोड काय आहे?"

"उद्या?" रंगरावनं मिशीवरून हात फिरवला. "उद्या धम्मकलाडू! आन् चापटपोळी!"

प्राचार्य हसले, मी हसलो, वाढपी हसले. नागबाबूंनी रात्री एक पोळी कमी खाल्ली, आणि रविवारी दुपारी दोन ताटं घेऊन हजर झाले.

"लाडू द्या. चापोटपोळीसुद्धा. दोन."

रंगरावनं मेसकडे पाहिलं. "द्यायची का मंडळी?"

"द्या, द्या!"

पैलवानी हात नागबाबूंच्या पाठीत असा बसला की आधी त्यांचा चष्मा आमटीत पडला आणि मागोमाग ते स्वतः पडले. "ह्यो लाडू!" त्यांनी मान वर काढली तशी गालावर एक बसली. "आन् ही पोळी!" मेस हसून हसून लोळायची राहिली. नागबाबूंनी चष्मा शोधून काढला, पुसला, आणि नाकावर डाळ असतानाच तेही हसले. ही इथली प्रथा असावी असं त्यांना वाटलं.

सिस्टर हसल्या नाहीत.

"सर, लाडू कुठे आहे?"

"लाडू नसतो, सिस्टर. लहान मुलांना गमतीनं म्हणतात. पाठीत गुद्दा म्हणजे धम्मकलाडू. चापट म्हणजे चापटपोळी."

"गुद्दा खातात?"

"हो. मराठीत मार खातात."

"आणि शिव्या?"

"त्याही खातात."

"लाच?"

"खातात."

"डोकं?"

"तेही."

त्यांनी स्वतःच्या ताटातल्या गवारीकडे पाहिलं. "एवढं सगळं खाऊन लोक जेवतात कधी?" मग एकदम अभ्यासाला लागल्यासारख्या म्हणाल्या, "लाडू पुल्लिंग? पोळी स्त्रीलिंग?"

"बरोबर. हा लाडू, ही पोळी."

"हा धम्मकलाडू. ही चापटपोळी," त्यांनी घोकलं. लिंग हीच त्यांची दुखरी बाजू होती. आमटीला त्या 'तो' म्हणायच्या, भाताला 'ती' म्हणायच्या. प्राचार्यांना 'ते' म्हणायच्या; ते आदरार्थी की नपुंसकलिंगी हे मी कधी विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी नाश्त्याच्या वेळी त्या मालनच्या भट्टीपाशी गेल्या.

"मालनताई, पहाटे तुमच्या घरातून आवाज येतो. धप, धप. काय असतं?"

मालननं पोळी उलटली. "कणीक तिंबत्यात."

"कोण?"

"मालक."

चहा पीत उभे असलेले दाबके एकदम प्रसन्न झाले. "बघा गद्रे! पैलवान गडी, पण रोज पहाटे उठून बायकोची कणीक तिंबतो. नाहीतर आपण!"

रंगराव लाजून हसला. वाढप्यांपैकी कुणी हसलं नाही. त्यांना बादल्या घासायच्या होत्या.

त्याच्या पुढच्या सकाळी मालननं पदर कपाळावरून पार नाकापर्यंत ओढला होता. मी मीठ मागायला भट्टीपाशी गेलो तेव्हा सिस्टर तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी पदराची कड दोन बोटांनी वर केली. डावा डोळा मिटला होता, वांग्यासारखा.

"हे काय, ताई?"

"परसाद मिळाला, शिष्टर."

"कोणत्या देवाचा?"

"घरच्या."

तव्यावरची पोळी फुगली. मालननं ती फडक्यानं दाबली, वाफ निघून गेली.

"वैद्याकडे—"

"ऱ्हाऊ द्या वो. कुनाला बोलू नगा." तिचा आवाज भट्टीच्या जाळापेक्षा मोठा नव्हता. "मेस त्येंच्या नावावर हाय. मेस गेली म्हंजी डोईवरचं पत्रं बी गेलं. ह्यो हात चालतोय तंवर सगळं हाय. हाताला अजून काय केल्यालं न्हाय त्येनी." आणि उजवा हात पोळपाटावर पुन्हा फिरायला लागला.

सिस्टर उठल्या. मला मीठ त्यांनीच दिलं.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी दाबके मुद्दाम सर्वांबरोबर जेवायला आले. परीक्षक बाहेरगावचे, ते दुसऱ्या दिवशी इथेच जेवणार होते. तेव्हा मेस कशी काय आहे ते पाहायचं होतं. पानं वाढून झाली, रंगराव तुपाची वाटी घेऊन पंक्तीतून फिरू लागला, तेवढ्यात सिस्टर रोझलिन उभ्या राहिल्या. हात जोडले.

"रंगरावभाऊ, माझी एक नम्र विनंती आहे."

"बोला की, शिस्टर!"

"मालनताईंना घरच्या देवाचा जो प्रसाद रोज पहाटे मिळतो, तो मलाही द्यावा." उच्चार स्वच्छ होते. आवाज शेवटच्या पंक्तीपर्यंत जात होता. "त्याचा आवाज मी भिंतीतून ऐकते. पण चव मला माहीत नाही. कधी डोळ्यावर देता, कधी पाठीवर. तुम्हाला जिथे सोयीचं पडेल, तिथे द्या."

"वा!" दाबके म्हणाले. "याला म्हणतात सर्वधर्मसमभाव! रंगराव, द्या हो त्यांना प्रसाद!"

"मलासुद्धा," नागबाबू म्हणाले. "दोन."

वाढप्यांनी माना खाली घातल्या. कोपऱ्यात कुणीतरी फसकन हसलं आणि ते हसणं मात्र प्रसादाला नव्हतं, ते रंगरावला होतं. रंगरावच्या तोंडावरचं हसू तिथेच राहिलं, पण मोडके कान लालबुंद झाले. त्यानं तुपाची वाटी नागबाबूंच्या पुढ्यात ठेवली.

"देतो की," तो म्हणाला. "आधी जी वाटत सुटलीया तिला देतो."

तो आत गेला. पहिल्यांदा पितळी पातेलं जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग त्याचा.

"कोनच्या देवाचा गं? आँ? कोनच्या देवाचा?"

आम्ही दारात पोचलो तेव्हा मालन गुडघ्यांवर होती. त्यानं तिचा उजवा हात मनगटाशी धरून भट्टीवर ओढला होता. मेसचा तवा म्हणजे बैलगाडीच्या चाकाएवढा, आणि दुपारच्या त्या वेळी तो काळा राहत नाही, तांबूस होतो. तिच्या हातातल्या बांगड्या त्याच्या मुठीत कडाकडा फुटत होत्या. काचा तव्यावर पडून तडतडत होत्या, मोहरीसारख्या.

"ह्यो हात चालतोय न्हवं तुजा? मंग चालव की हितं!"

तिचा पंजा तव्यापासून वीतभर वर होता. ती ओरडत नव्हती. सगळी ताकद हातात ठेवायची असेल तर ओरडायला उरत नाही.

"रंगराव, जरा ऐका—" मी म्हणालो.

त्या मारामारीतला माझा वाटा एवढाच. रंगरावनं मोकळ्या हातानं माझी कॉलर धरली आणि मला कांद्याच्या पोत्यांवर ठेवलं. फेकलं म्हणणं अन्यायाचं होईल. पण पोत्यांना लागून भिंत होती, आणि भिंतीला लागून माझं डोकं आलं. पुढचं सगळं मी तिथूनच पाहिलं. जागा उत्तम होती.

नागबाबू आत आले ते खाली मान घालून, बैलासारखे. शौर्यानं की तव्यावर जळणाऱ्या पोळीसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांचं टाळकं रंगरावच्या पोटात बसलं. पैलवानाचं अंग विचार करत नाही, डाव टाकतं. त्याला नागबाबूंना धोबीपछाड मारावीशी वाटली. आणि धोबीपछाडीला दोन्ही हात लागतात.

मालनचं मनगट सुटलं.

नागबाबू हवेतून गेले आणि भिजवलेल्या कणकेच्या परातीत बूड टेकून बसले. ते तिथून हलले नाहीत.

रंगराव पुन्हा मालनकडे वळला. त्याची पाठ सिस्टरांकडे झाली. सिस्टरांनी पोळपाटावरचं लाटणं उचललं. मेसचं लाटणं घरच्यासारखं नसतं, बाभळीचं असतं, मनगटाएवढं.

"हा धम्मकलाडू," त्या म्हणाल्या.

दोन्ही खांद्यांच्या मधे बसला. तो गर्रकन फिरला.

"ही चापटपोळी."

ती तोंडावर आडवी बसली. एक दात आमटीच्या पातेल्यात पडला. दुसरा सापडला नाही, त्यामुळे त्या दिवशी आमटी कुणीच घेतली नाही. लिंगं दोन्ही अचूक होती. मी सिस्टरांना तिथेच, कांद्याच्या पोत्यावरून, पास केलं.

पण तो पैलवान होता. दोन दातांनी पैलवान पडत नाही. त्यानं त्यांच्या डोक्यावरचं वस्त्र मुठीत धरलं, गळ्याभोवती एक पीळ दिला, मग आणखी एक. लाटणं त्यांच्या हातातून पडलं. त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. तोंड आधी लाल झालं, मग जांभळं. वाढपी दारात उभे होते. दाबके म्हणत होते, "अरे, अरे." गंमत संपल्याचं सगळ्यांना कळलं होतं आणि कुणाचाच पाय पुढे पडत नव्हता.

गडगडत गेलेलं लाटणं मालनच्या गुडघ्याला लागलं.

तिनं ते उचललं, उलटसुलट पाहिलं, पदराला पुसलं. पहिला फटका तिनं त्याच्या मनगटावर मारला, उजव्या. काड् असा आवाज आला. सिस्टर खाली पडून खोकू लागल्या. दुसरा गुडघ्यावर. तो वाकला. तिसरा पाठीत, चौथा पाठीत. ती घाई करत नव्हती. पोळ्या लाटताना तिचा हात ज्या ठेक्यात चालायचा त्याच ठेक्यात चालत होता, आणि तोंडातून शब्द नाही. त्यानं चुलीमागं सरकून पाहिलं, ती मागून आली. त्यानं हात आडवे धरले, ती हातांवर वाढत गेली. त्याच्या नाकातोंडातून रक्त येऊन मिशी चिकट झाली. शेवटी तो भिंतीशी मुटकुळं करून बसला आणि ओरडला,

"पुरे! पुरे!"

मालन थांबली. जन्मभर पंक्ती वाढलेली बाई. पुरे म्हटल्यावर काय करायचं असतं ते तिच्या अंगात होतं.

"एक घ्याच," ती म्हणाली. "माज्या हातची."

आणि वाढली.

रंगराव स्वतःच लंगडत चौकीवर गेला आणि हवालदार मोहित्यांना घेऊन आला. तोवर पंक्ती तशाच बसलेल्या होत्या, निवलेल्या ताटांपुढे, पोळीची वाट पाहत. मोहिते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. कणकेत नागबाबू, कांद्यात मी, आमटीत दात.

"कुणी मारलं यांना?"

"मारलं नाही," सिस्टर बसक्या आवाजात म्हणाल्या. "प्रसाद दिला. यांच्याच घरचा आहे."

"तुम्ही काय करत होता?"

"तोंडी परीक्षेचा अभ्यास."

"आणि तुम्ही?"

"जेवोत होतो," नागबाबू परातीतून म्हणाले.

मोहित्यांनी मालनकडे पाहिलं. "तुम्ही हो बाई?"

"कणीक तिंबली, सायेब."

मोहिते हसले. त्या शब्दाला सगळे हसायचे तसेच, सवयीनं. मग त्यांना तिचा डोळा दिसला. मग बांगड्यांच्या काचा रुतलेलं मनगट. मग तव्यावर वितळून बसलेली हिरवी काच. हसू हळूहळू आत गेलं.

"शायेब, बायकूनं मारलं! ल्या!" रंगराव म्हणाला. दात नसल्यानं 'लिहा'चं तेवढंच निघत होतं.

"लिहितो की पैलवान. 'बायकोनं मारलं.' सही करा खाली. उद्या तालमीत वाचून दाखवतील." मोहित्यांनी वही उघडली. "की बाईंच्या मनगटाचंही लिहू? मग सगळंच लिहू."

रंगरावनं मिशी पुसली.

"चला मग. हाताला पट्टी बांधून घेऊ, आणि तिथनं भावाच्या गावची गाडी धरायची. इकडं फिरकला तर लिहायला मी बसलोच आहे."

दाबक्यांना आता खरी काळजी वाटू लागली. "पण उद्या परीक्षक येतायत! त्यांना जेवायला कोण घालणार?"

"ज्याच्या नावावर मेस, त्यो," मालन म्हणाली.

"अगं, पण तो तर—"

"मंग नाव बदला. मंग घालते."

दाबक्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कांद्याकडे पाहिलं. "बरं, बदलतो," ते म्हणाले.

"आन् पत्र्याच्या खोल्या?"

"त्याही. त्याही तुझ्याच."

मी पोत्यांवरून उतरलो. सिस्टर पाणी पीत होत्या. गळ्यावर कापडाचा वळ उठला होता. मी हळूच विचारलं, "सिस्टर, प्रसाद म्हणजे काय ते तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"सर, मी नर्स आहे. सुजलेला डोळा मला भाषांतर करून लागत नाही."

"मग मागितलात कशाला? तेही सगळ्यांपुढे?"

"सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला बोलता येत नव्हतं. सगळ्यांना मराठी फार चांगली येते ना." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "मला येत नाही. तुम्हीच म्हणालात, शिकणाऱ्याची चूक कुणी मनावर घेत नाही. चुका करा, पण मोठ्यानं करा. मी मोठ्यानं केली."

भाषेचं सामर्थ्य, एका शब्दानं उलटलेलं आयुष्य, असं बरंच काही मला एकदम सुचलं. हे बोललंच पाहिजे असं वाटून मी मेसच्या मधोमध उभा राहिलो. हवालदारही दारात थबकले. काहीतरी जप्त केल्याशिवाय परत जायची सवय नसल्यानं त्यांनी लाटणं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारलं होतं. दाबक्यांनी खाकरून शांतता केली.

"मालनबाई," मी सुरुवात केली, "आज तुम्ही या मेसमध्ये जे घडवलंत, ते—"

मालन माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहत होती.

"हवालदारसायेब," ती म्हणाली, "त्येवढं लाटनं ठिऊन जावा की. लोकं जेवायची राह्यल्यात."